पिशवी मागून वाचा: वाढत्या पिल्लासाठी ड्राय फूड कसं निवडायचं

डॉगफूडच्या पिशवीवर पुढच्या बाजूला जे छापलेलं असतं, त्यातलं जवळजवळ काहीच निवड करताना कामी येत नाही. हिरवे डोंगर, मांसाचा लालबुंद तुकडा, ऐटीत उभा असलेला चकचकीत कुत्रा आणि ‘प्रीमियम’, ‘होलिस्टिक’ असे शब्द. पोषणाच्या हिशेबात या शब्दांना अर्थच नाही. उपयोगाचं सगळं मागे, बारीक अक्षरांत असतं. ते वाचायला दहा मिनिटं लागतात, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाच्या बाबतीत ही दहा मिनिटं त्याच्या सांध्यांना आयुष्यभर पुरतात.

मी हे आधी शिकले नाही. माझं पहिलं पिल्लू मोठ्या जातीचं होतं. जितकं खाईल तितकं चांगलं, अशा समजुतीने त्याचं भांडं कधी रिकामं ठेवलं नाही, वर हाडं मजबूत व्हावीत म्हणून रोज कॅल्शियमचं सिरप. पाचव्या महिन्यात त्याचे पुढचे पाय मनगटापाशी बाहेरच्या बाजूला वळू लागले आणि जिना चढताना ते थांबून माझ्याकडे बघायला लागलं. पशुवैद्यांनी सिरप त्याच दिवशी बंद करायला लावलं, खाणं मोजून द्यायला सांगितलं. पुढे ते नीट धावायला लागलं, पण मधले तीन महिने मी विसरलेले नाही. म्हणून हा लेख कॅल्शियमवर जरा जास्तच रेंगाळेल.

आधी पिल्लाचं पुढचं वजन ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी एका प्रश्नाचं उत्तर हवं: हे पिल्लू पूर्ण वाढल्यावर साधारण किती किलोचं होईल? आज ते केवढं आहे याने फारसं काही ठरत नाही. ढोबळ मानाने १० किलोपर्यंत लहान जात, २५ पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठी आणि ४५ च्या वर अवाढव्य. जात ठाऊक असेल तर काम सोपं. मिश्र जातीचं पिल्लू असेल तर आईवडील पाहायला मिळतात का बघा, नाहीतर पशुवैद्यांना अंदाज विचारा. वय आणि आजचं वजन यावरून ते बऱ्यापैकी सांगू शकतात. तरीही खात्री नसेल तर ते मोठं होणार असं धरून चाला. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं मध्यम आकाराच्या पिल्लाला चालतं. उलट केलं तर मात्र धोका असतो.

धोका कसला, ते समजून घ्या. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या आतड्याला कॅल्शियम नको असेल तर ते कमी शोषलं जातं. पिल्लाला साधारण सहा महिन्यांपर्यंत ही सोय नीट नसते. खाण्यातून जितकं जास्त कॅल्शियम येईल तितकं जास्त आत घेतलं जातं, आणि हाड तयार होण्याचा क्रम बिघडतो. हाड आधी कूर्चेच्या, म्हणजे मऊ, लवचिक भागाच्या रूपात वाढतं आणि मग पक्कं होत जातं. लहान जातीत ही वाढ थोडी असते, त्यामुळे चूक पचून जाते. जे पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या किलोचं असतं आणि वर्षभरात तीस-पस्तीस किलोचं होतं, त्याच्या सांध्यांत ती चूक दिसते: कूर्चा नीट पक्की न होणं, पाय वाकडे होणं, लंगडणं. भरमसाट खाणं हे त्याचंच दुसरं कारण. हाडं तयार होण्याआधी अंगावर वजन चढतं.

कमी कॅल्शियमही तितकंच वाईट. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं मऊ पडतात आणि साध्या उडीतही मोडू शकतात, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. मग शरीर हाडांतलंच कॅल्शियम काढून रक्तात आणतं. चांगल्या पपी फूडमध्ये हे गणित आधीच बसवलेलं असतं, त्यात आपण हात घालायचा नाही.

मागच्या बाजूचं ते एक वाक्य

आता पिशवी उलटी करा आणि पोषणाच्या पूर्ततेचं विधान शोधा. साधारण दोन ओळींचं असतं, बऱ्याचदा घटकांच्या यादीखाली. त्यात हे अन्न ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आहे आणि आयुष्याच्या कुठल्या टप्प्यासाठी आहे, हे लिहिलेलं असतं. बऱ्याच पिशव्यांवर त्यात आफ्कोचं (AAFCO) नाव येतं. ही पशुखाद्यावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांची संघटना. ती कुठल्याही ब्रँडला मान्यता किंवा प्रमाणपत्र देत नाही, फक्त मापदंड ठरवते. युरोपात तेच काम फेडिआफ (FEDIAF) या तिथल्या पेट फूड उत्पादकांच्या संघटनेचे मापदंड करतात.

टप्प्यासाठी ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहिलेलं असेल तर पुढे वाचा. ‘मेंटेनन्स’ असेल तर ते पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांचं खाणं आहे, पिल्लाला पुरत नाही. ‘इंटरमिटंट ऑर सप्लिमेंटल फीडिंग’ किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर ते पूर्ण जेवण नाहीच. आणि असं वाक्यच कुठे नसेल तर पिशवी जागेवर ठेवा, पुढे कितीही गोंडस पिल्लू छापलेलं असो.

मोठ्या जातीसाठी याच वाक्याची शेपटी महत्त्वाची. ‘इन्क्लूडिंग ग्रोथ ऑफ लार्ज साइझ डॉग्ज’ म्हणजे पूर्ण वाढल्यावर ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांनाही चालेल. ‘इन्क्लूडिंग’च्या जागी ‘एक्सेप्ट’ (except) असा शब्द असेल तर त्यांना वगळलेलं आहे. एका शब्दाचा फरक, आणि घाईत तोच डोळ्यांखालून निसटतो. ‘ऑल लाइफ स्टेजेस’वाल्या पिशव्यांवर तर तो आवर्जून तपासा.

आकडे, पण पाणी वगळून

लेबलवरचे टक्के पाण्यासकट असतात. ड्राय फूडमध्ये साधारण १० टक्के ओलावा असतो, डब्यातल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के. म्हणून तुलना करायची ती पाणी वजा करून. समजा प्रथिनं २८ टक्के आणि ओलावा १० टक्के आहे, तर २८ भागिले ९०, म्हणजे कोरड्या भागात ३१ टक्के प्रथिनं. डब्यावर ९ टक्के प्रथिनं आणि ७८ टक्के ओलावा लिहिलेला असेल तर ९ भागिले २२, म्हणजे ४१ टक्के. दिसायला ९, निघाले ४१.

आफ्कोच्या मापदंडानुसार पिल्लाच्या खाण्यात कोरड्या भागाच्या किमान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के फॅट हवं. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांसाठी हेच आकडे १८ आणि ५.५ आहेत. हे अगदी किमान. बाजारातलं बहुतेक पपी फूड याच्या बरंच वर असतं, त्यामुळे प्रथिनांवर जीव टांगून ठेवायची गरज नसते. जास्त प्रथिनांनी हाडं बिघडतात, ही समजूत मात्र अजून ऐकू येते. नेदरलंडमध्ये ग्रेट डेन पिल्लांना कमी, मध्यम आणि जास्त प्रथिनांचा आहार देऊन हे तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जास्त प्रथिनांमुळे सांगाडा बिघडल्याचं त्यात दिसलं नाही. त्या भीतीने पिल्लाला मोठ्यांचं खाणं देऊ नका.

खरा आकडा कॅल्शियमचा. किमान १.२ टक्के, कमाल २.५ टक्के, आणि ३२ किलोच्या वर जाणाऱ्यांसाठी कमाल १.८ टक्के, सगळं कोरड्या भागाचं. फॉस्फरसशी त्याचं प्रमाण एकास एक ते दोनास एक यामध्ये हवं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मोठ्या जातीच्या पिल्लासाठी मी १.२ ते १.५ टक्क्यांच्या आसपासचीच पिशवी निवडते. हा आकडा प्रत्येक लेबलवर नसतो. कंपनीला फोन किंवा ईमेल करा आणि प्रत्यक्षात किती कॅल्शियम आहे ते विचारा. ‘किमान’ हा शब्द लावून दिलेलं उत्तर पुरेसं नाही, कारण किमान १ टक्का लिहिलेल्या पिशवीत २ टक्केही असू शकतं.

जमलं तर डीएचए आहे का तेही पाहा. माशाच्या तेलातून येणारा हा स्निग्ध घटक वाढत्या मेंदूला आणि डोळ्यांना लागतो, आणि चांगल्या पपी फूडमध्ये तो असतोच.

घटकांची यादी वाचा, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि हे वजन शिजवण्यापूर्वीचं, पाण्यासकट. ताज्या चिकनमध्ये दोन तृतीयांशाहून जास्त पाणी असतं, म्हणून ते सहज पहिल्या क्रमांकावर येतं. तिसऱ्या क्रमांकावरच्या ‘चिकन मील’मधून, म्हणजे पाणी आणि चरबी काढून केलेल्या भुकटीतून, त्याहून जास्त प्रथिनं मिळत असू शकतात. ‘बाय-प्रॉडक्ट’ शब्दाला बिचकू नका. यकृत, मूत्रपिंड यांसारखे अवयव त्यात येतात आणि ते पौष्टिक असतात.

‘ग्रेन-फ्री’बद्दल मात्र सावध राहा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केलं की वाटाणा, मसूर अशी कडधान्यं किंवा बटाटा हे मुख्य घटक असलेलं खाणं खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये हृदयाचा स्नायू ताणून कमकुवत होण्याचे रुग्ण आढळत आहेत आणि त्याची चौकशी सुरू आहे. कार्यकारणभाव पक्का सिद्ध झालेला नाही. पण धान्य टाळण्याचं वैद्यकीय कारण नसेल तर हा धोका पिल्लाच्या माथी कशाला मारायचा? कुत्र्यांमध्ये अन्नाची ॲलर्जी मुळात फार नसते, आणि असते तेव्हा ती बऱ्याचदा बीफ, दुग्धजन्य पदार्थ किंवा चिकन यांची असते.

यादीपेक्षा मी कंपनीला तीन प्रश्न विचारते. खाण्याची रेसिपी कोण बनवतं, आणि त्या माणसाचं पशुपोषणातलं शिक्षण काय? खाणं तुमच्याच कारखान्यात बनतं का? तयार मालाची तपासणी कशी होते? सरळ उत्तर देणाऱ्या कंपन्या आहेत. टाळाटाळ करणाऱ्यांची पिशवी मी घेत नाही.

किती द्यायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. उत्तम पिशवी आणूनही पिल्लू बिघडवता येतं.

पिशवीवरचा तक्ता सुरुवातीसाठी ठीक आहे, पण आपला आकडा आपण काढलेला बरा. पिल्लाचं आजचं वजन किलोत घ्या. कॅल्क्युलेटरवर ते तीनदा घेऊन गुणा आणि वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा. आलेल्या आकड्याला ७० ने गुणलं की स्वस्थ बसलेल्या शरीराला दिवसाला लागणाऱ्या कॅलरी मिळतात. चार महिन्यांपर्यंत याच्या तिप्पट, त्यानंतर साधारण दुप्पट, असा हिशेब पशुवैद्य लावतात.

तीन महिन्यांचं ५ किलोचं पिल्लू घ्या. ५ × ५ × ५ म्हणजे १२५, दोनदा वर्गमूळ काढल्यावर ३.३४, गुणिले ७० म्हणजे २३४, त्याच्या तिप्पट सुमारे ७०० कॅलरी. पिशवीवर १०० ग्रॅमला ३८० कॅलरी लिहिलं असेल तर दिवसाला साधारण १८५ ग्रॅम, तीन वेळात वाटून प्रत्येकी ६० ग्रॅमच्या आसपास. हेच पिल्लू पाच महिन्यांनी १० किलोचं झालं की दुप्पटीच्या हिशेबाने ७८७ कॅलरी, म्हणजे २०७ ग्रॅम. वजन दुप्पट झालं, खाणं वाढलं जेमतेम २२ ग्रॅम. ‘आता मोठा झालाय’ म्हणून ताट दुप्पट करणारे इथेच फसतात. तिपटीवरून दुपटीवर मात्र एका दिवसात उडी मारू नका, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू या.

आणि हे वजनकाट्यावर मोजा. आमच्या घरात पिल्लाच्या खाण्यासाठी एक मग ठरलेला होता, आणि सगळे तोच वापरतो म्हणून मी निश्चिंत होते. एकदा प्रत्येकाला नेहमीसारखा मग भरायला लावला आणि काट्यावर ओतला. माझा सपाट भरलेला मग ८२ ग्रॅम, मुलाचा शीग लावलेला १०९ ग्रॅम. एका वेळचा फरक २७ ग्रॅम, तीन वेळचा ८१ ग्रॅम, म्हणजे तीनशेहून जास्त कॅलरी. तेव्हापासून सकाळीच दिवसाचं खाणं मोजून एका डब्यात काढतो. ज्याला भरवायचंय त्याने त्यातूनच द्यायचं. शिकवताना बक्षीस म्हणून द्यायचे दाणेही त्याच डब्यातले. बाहेरचे ट्रीट द्यायचेच असतील तर दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत.

हिशेब बरोबर आहे का, हे पिल्लाच्या बरगड्या सांगतात. हात टेबलावर पालथा ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या पालथ्या हाताच्या पाठीवरून, बोटांच्या सांध्यांवरून फिरवा. पिल्लाच्या बरगड्या तशा लागल्या, पातळ आवरणाखाली सहज मोजता येण्याजोग्या, तर उत्तम. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या हाडांसारख्या टोचल्या तर पिल्लू रोडावलंय. तळहातावरून बोटं फिरवल्यासारखं गुबगुबीत लागलं तर खाणं जास्त होतंय. वरून पाहिल्यावर बरगड्यांमागे कंबर दिसली पाहिजे. पशुवैद्य कुत्र्याच्या बांध्याला एक (अगदी रोड) ते नऊ (फार लठ्ठ) असे गुण देतात, त्यात आपल्याला चार किंवा पाच हवेत. दर आठवड्याला पिल्लाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, आपलं वजन वजा करा, वहीत लिहा, आणि बरगड्या पाहून खाणं दहा टक्क्यांनी वर-खाली करा.

गोलमटोल पिल्लू पाहून सगळ्यांना बरं वाटतं, मलाही वाटायचं. पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, आठव्या आठवड्यापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं होतं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे याहून कमी आणि निम्मे जास्त जगले असा आकडा) १३ वर्षं भरलं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. त्यांच्या सांध्यांची झीजही कमी झाली आणि उशिरा सुरू झाली. सडपातळ वाढलेलं पिल्लू शेवटी तेवढंच मोठं होतं, फक्त थोड्या सावकाशीने.

नवी पिशवी उघडल्यावर

पिल्लू घरी आल्याबरोबर त्याचं खाणं बदलू नका. घर, माणसं, वास, सगळंच नवं असताना निदान खाणं ओळखीचं असू द्या. आठवडाभर आधीचंच द्या, मग सात ते दहा दिवसांत बदला: पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या आणि तिथेच दोन दिवस थांबा.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, त्यानंतर दोन वेळा. अगदी छोट्या जातींच्या पिल्लांना उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते, त्यांची वेळ चुकवू नका. दाणा लहान तोंडाला उचलता येईल असा घ्या. दुधाचे दात पडताना, साधारण चार ते सहा महिन्यांत, काही पिल्लं कडक दाणा टाळतात. तेव्हा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून द्या, आणि उरलेलं ओलं खाणं ठेवून न देता टाका. कोरड्या दाण्यात पाणी नसल्यात जमा असतं, म्हणून पाण्याचं भांडं कायम भरलेलं हवं.

या खाण्यात वरून कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व किंवा हाडांची भुकटी घालू नका. पशुवैद्यांनी काही सांगितलं असेल तर तेवढंच.

पिशवी विकत घेतानाच तिचा आकार हिशेबाने ठरवा. दाणे तयार झाल्यावर त्यांवर चरबीचा फवारा मारतात, त्यानेच चव येते, आणि हवा लागली की तीच खवट होते. उघडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपायला हवी. दिवसाला १८५ ग्रॅम खाणारं पिल्लू सहा आठवड्यांत पावणेआठ किलो संपवतं, मग मोठी पिशवी स्वस्त पडली तरी ती त्याच्या कामाची नाही. खाणं मूळ पिशवीतच, तोंड घट्ट दुमडून, हवं तर डब्यात पिशवीसकट ठेवा, २७ अंश सेल्सिअसच्या खालच्या कोरड्या जागी. डब्यात मोकळं ओतलं तर जुन्या चरबीचा थर तळाशी राहतो आणि बॅच क्रमांक कचऱ्यात जातो. उद्या माल परत मागवला गेला तर तोच क्रमांक लागतो. खाणं काढल्यावर हात धुवा आणि पिल्लाचं भांडं रोज घासा, कारण कोरड्या खाण्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतो.

पिल्लू लंगडत असेल, उठताना कण्हत असेल, पाय वाकडे दिसत असतील, दोन जेवणं लागोपाठ सोडली असतील किंवा पातळ शी दोन दिवसांत थांबली नसेल, तर पिशवी बदलून बघण्यात वेळ घालवू नका. पशुवैद्यांकडे जा, आणि जाताना पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो व वजनाची वही सोबत न्या.

मोठ्यांच्या खाण्याकडे वळायची वेळ पुन्हा त्याच पहिल्या आकड्यावर, म्हणजे पूर्ण वाढल्यावरच्या वजनावर ठरते. लहान जाती ९ ते १२ महिन्यांत, मध्यम जाती वर्षाच्या सुमाराला, मोठ्या जाती १२ ते १८ महिन्यांत, अवाढव्य जाती १८ ते २४ महिन्यांत. नसबंदी झाली असेल तर शरीराची गरज घटते, त्या आठवड्यापासून बरगड्यांवरून हात जास्त वेळा फिरवा. वजनाच्या वहीतली रेघ सलग दोन-तीन महिने सपाट दिसली की वाढ जवळजवळ संपली आहे. मग ‘मेंटेनन्स’ची पिशवी आणा आणि पुन्हा पाव हिश्शापासून सुरुवात करा.